कॉन्झर्व्हेटिव्ह विचार समजून घ्यायचाय? मग या उन्हाळ्यात हे वाचा

मैत्रिणीच्या मुलीनं परवा फोनवर विचारलं, "मावशी, कॉन्झर्व्हेटिव्ह लोक नक्की काय म्हणतात ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. सुट्टीत काय वाचू?" राज्यशास्त्र शिकते ती. घाईघाईत दोन नावं सांगितली आणि फोन ठेवल्यावर वाटत राहिलं, की इतक्या चांगल्या प्रश्नाला मी फारच तोकडं उत्तर दिलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि हाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठीही.

पहिली अडचण शब्दाची. आपल्याकडे या विचाराला धड नावच नाही. 'पुराणमतवादी' म्हटलं की कपाळाला आठ्या घातलेला म्हातारा डोळ्यांपुढे येतो. 'सनातनी' थेट धर्माकडे जातो. 'प्रतिगामी' ही तर शिवीच झाली. 'परंपरावादी' त्यातल्या त्यात बरा, पण तोही अपुरा, कारण 'जुनं ते सोनं' असं हे लोक म्हणत नाहीत, निदान त्यांच्यातले विचारवंत तरी नाही. ते म्हणतात, हाती आलेली गोष्ट मोडायची तर ती मुळात उभी कशी राहिली हे आधी समजून घ्या. यासाठी नेमका मराठी शब्द मला सापडलेला नाही, तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्हच म्हणू.

सुरुवात एडमंड बर्कपासून करावी. जन्म डब्लिनचा, 1729 चा; आयुष्य गेलं ब्रिटिश संसदेत. 'रिफ्लेक्शन्स ऑन द रिव्होल्यूशन इन फ्रान्स' हे त्याचं पुस्तक नोव्हेंबर 1790 मध्ये आलं. ही तारीख वाचताना सतत मनात ठेवायची. फ्रान्सचा राजा अजून जिवंत होता, गिलोटिननं सरसकट मुंडकी उडवण्याचा काळ आला नव्हता, आणि इंग्लंडमधली बरीच शहाणी माणसं फ्रेंच राज्यक्रांतीचं स्वागत करत होती. त्या वेळी हा माणूस लिहितो, की सगळ्या जुन्या संस्था एकदम उखडल्या तर शेवटी सत्ता सैन्याला वश करणाऱ्या एखाद्या सेनापतीच्या हाती जाईल. नेपोलियननं सत्ता घेतली 1799 मध्ये. बर्क त्याआधी दोन वर्षं वारला होता.

पण भाकीत खरं ठरलं म्हणून तो वाचावा असं नाही. समाज म्हणजे आज हयात असलेले, होऊन गेलेले आणि अजून जन्मायचे आहेत अशा सगळ्यांची भागीदारी, ही त्याची कल्पना मला आजही अस्वस्थ करते. आपण मालक नाही, मधल्या काळातले राखणदार आहोत, असं एकदा मनावर ठसलं की कर्जापासून नद्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीकडे बघण्याची नजर बदलते. आणि हाच बर्क असंही म्हणतो, की ज्या राज्यव्यवस्थेत बदलाची सोय नाही, तिला स्वतःला टिकवण्याचीही सोय नाही. त्याला बदलाचा शत्रू ठरवणाऱ्यांनी हे वाक्य वाचलेलंच नसतं.

आपल्या वाचकांना मी आणखी एक आग्रह करीन. त्याची भारताविषयीची भाषणं वाचा. 1783 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर बोलताना तो आपल्या खासदारांना सुनावतो, की आपण रानात राहत होतो तेव्हा हे लोक सुसंस्कृत जीवन जगत होते. पुढे कंपनीचा भारतातला गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग चालवण्यात तो आघाडीवर होता. बनारसचा राजा चेतसिंह, अवधच्या बेगमा यांच्यावर झालेला अन्याय त्यानं वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मांडला. खटला 1788 मध्ये सुरू झाला आणि 1795 मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. बर्क हरला. पण फ्रान्समधल्या क्रांतिकारकांवर तो ज्या कारणासाठी चिडला, त्याच कारणासाठी कंपनीवरही: दोघांनीही शतकानुशतकं घडलेली समाजाची वीण मनमानी सत्तेच्या जोरावर उसवली. हे दोन्ही बर्क शेजारी ठेवून वाचले नाहीत तर तो निम्माच कळतो. मला तो पूर्ण कळायला फार वर्षं लागली, म्हणून इतकं कळकळीनं सांगतेय.

बर्क जड जात असेल तर आधी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टॉमस सोवेल. 'अ कॉन्फ्लिक्ट ऑफ व्हिजन्स', 1987. माणसं एकमेकांशी न संबंधित अशा मुद्द्यांवरही पुन्हा पुन्हा त्याच दोन गटांत का विभागली जातात, हा त्याचा प्रश्न. त्याचं उत्तर असं: माणसाच्या स्वभावाला उपजत मर्यादा आहेत असं एक गट धरून चालतो, आणि त्या ओलांडता येतील असं दुसरा. लिहिणं स्वच्छ आहे, आणि या पुस्तकात तरी तो दोन्ही बाजूंना न्याय देतो.

इंग्रज तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉट हा माझा सर्वांत लाडका. 'रॅशनॅलिझम इन पॉलिटिक्स' हा निबंधसंग्रह 1962 चा. सगळा वाचायची गरज नाही, दोन निबंध पुरे: ज्यावरून संग्रहाला नाव मिळालं तो, आणि 'ऑन बीइंग कॉन्झर्व्हेटिव्ह'. पहिल्यात तो पाककृतीच्या पुस्तकाचं उदाहरण देतो. ते पुस्तक वाचून कुणी स्वयंपाकी होत नाही. ज्याला स्वयंपाकातलं काही कळतं, त्यालाच त्या पुस्तकाचा उपयोग. हाताला असलेलं ज्ञान कागदावर पूर्ण उतरत नाही, आणि राज्यकारभारही बराचसा हाताच्याच ज्ञानावर चालतो, असं तो म्हणतो. शिकवणं, शेती, सुतारकाम, शुश्रूषा यातलं काहीही ज्यांनी केलंय, त्यांना हे लगेच पटेल. दुसऱ्या निबंधात राजकारणापेक्षा स्वभावाबद्दलच जास्त आहे. आत्ता जे आहे त्यात रमता येणं, मित्र जसा आहे तसा आवडणं. उपयोगाच्या हिशेबानं मित्र बदलत राहणारा माणूस मैत्री म्हणजे काय हे जाणतच नाही, हा त्याचा मुद्दा वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

अमेरिकन लेखक रसेल कर्कचं 'द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड' (1953) प्रत्येक यादीत असतं. अमेरिकेत या विचाराला वंशावळ मिळाली ती याच पुस्तकामुळे. माझं मत मात्र मिश्र आहे. भाषा देखणी आहे, पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रँडॉल्फ आणि कॅल्हून या राजकारण्यांवरचं प्रकरण वाचताना माझा जीव गुदमरतो. गुलामगिरीच्या पाठीराख्याची राजकीय प्रज्ञा वेगळी काढून तिचं कौतुक करणं मला जमत नाही. बर्कनं 1780 च्या सुमारासच गुलामांच्या व्यापाराला आवर घालून ती प्रथा हळूहळू संपवायचा मसुदा लिहिला होता, हे आठवलं की कर्कची ती ढिलाई जास्तच खुपते. वाचा, पण पेन्सिल हातात घेऊन.

इंग्रज तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटनचं 'हाउ टू बी अ कॉन्झर्व्हेटिव्ह' (2014) विशीतल्या वाचकांना जवळचं वाटेल. 1968 च्या मे महिन्यात पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांची मोडतोड डोळ्यांनी बघून हा माणूस उलट बाजूला गेला. पुस्तकाची रचना मला फार आवडते: समाजवादातलं सत्य, उदारमतवादातलं सत्य, पर्यावरणवादातलं सत्य अशी प्रकरणं. विरोधकाकडे काय खरं आहे ते आधी शोधायचं, मग आपलं म्हणणं मांडायचं. चांगल्या गोष्टी मोडायला सोप्या आणि घडवायला अवघड, हे त्याच्या सगळ्या मांडणीमागचं साधं दुःख आहे.

मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक हायेकला अनेक जण याच कप्प्यात टाकतात. त्यानं स्वतः 1960 च्या 'द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी'ला 'आपण कॉन्झर्व्हेटिव्ह का नाही' अशा अर्थाचं परिशिष्ट जोडलंय. हे लोक वेग कमी करतात, पण जायचं कुठे हे सांगत नाहीत, हा त्याचा आरोप. माझ्या मते या विचारावरची ती सर्वांत नेमकी टीका आहे, आणि तिचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एक कादंबरी हवीच. जुझेप्पे तोमासी दी लाम्पेदूझाची 'द लेपर्ड'. 1860, सिसिली, इटली एक करायला निघालेल्या गॅरिबाल्डीचं सैन्य उतरलंय, आणि आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणारा एक सरदार आपल्या वर्गाचा अस्त उघड्या डोळ्यांनी बघतोय. जे आहे ते टिकवायचं तर सगळं बदलावं लागेल, असं त्याचा तरुण भाचा त्याला सांगतो. लेखकाच्या हयातीत प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. तो 1957 मध्ये गेला आणि पुस्तक 1958 मध्ये आलं. गमावण्याचं दुःख म्हणजे काय, हे कुठल्याही वैचारिक ग्रंथापेक्षा इथे जास्त कळतं, आणि जे गेलं ते सगळंच राखण्याजोगं नव्हतं हेही लेखक लपवत नाही.

निवडणुकीच्या हंगामात येणारी, मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेल्या माणसाचा फोटो असलेली पुस्तकं या सुट्टीत नकोत. त्यांत राग असतो, विचार फारसा नसतो.

आणि पोरी, बर्कबरोबर टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन'ही आण. बर्कला उत्तर म्हणून 1791 मध्ये लिहिलेलं. आधी कुठलं वाचायचं ते तू ठरव. मी तुझ्या वयाची असताना आधी पेन वाचला होता, आणि कितीतरी वर्षं त्याच्याच बाजूनं भांडत होते.