पाकीट विसरलेला हिरो

रविवारी आम्ही सहकुटुंब पिक्चरला गेलो. कथा अशी : एक मुलगा पहिल्या भेटीला मुलीला बाहेर नेतो, गाडी बंद पडते, तिच्या साडीवर सूप सांडतं, बिल आल्यावर कळतं की पाकीट घरीच राहिलंय. पहाटेपर्यंत असेच धिंडवडे निघतात आणि तरीही ती त्याच्या प्रेमात पडते.

पिक्चर दोन तासांत संपला. चर्चा शिवाजी पार्कच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणावडे येईपर्यंत सुरू होती आणि वडे आल्यावर तर तिला जोरच चढला.

“पाकीट विसरतो म्हणजे काय?” आई म्हणाली. “घरातून निघताना आईनं विचारायला नको?” तिचा सगळा राग पडद्यावर न आलेल्या त्या आईवर होता.

भाऊजींना प्रेमाशी कर्तव्य नव्हतं. “बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी सुरू होते. पण ती ऑटोमॅटिक होती. दिग्दर्शकानं तिला चक्क धक्का मारून सुरू केली!” पुढची दहा मिनिटं त्यांनी गिअरबॉक्स समजावून सांगितला.

भाची सई कॉलेजात आहे. तिनं एका वाक्यात निकाल दिला : “चालता-बोलता रेड फ्लॅग आहे तो.” मावशीनं विचारलं, “म्हणजे कम्युनिस्ट का गं?”

मी पियूष ढवळत बसलो होतो. बायकोही गप्प होती. तिचं गप्प बसणं मला पिक्चरपेक्षा जास्त कळत होतं.

कारण 2018 च्या मे महिन्यात आमची पहिली भेट ठरली, ती राणीच्या बागेत. पेंग्विन तेव्हा मुंबईत नवे होते, आणि मुलीला पेंग्विन दाखवणारा मुलगा जरा वेगळा वाटेल असा माझा हिशेब. हाफ डे टाकला, शर्टाला कडक इस्त्री केली, भायखळ्याला उतरून गेटपाशी पोचलो. गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, “बुधवारी बंद असते बाग.” मुंबईत जन्म गेला, पण हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं. “मला वाटलं तुम्ही काहीतरी खास परवानगी काढली असेल,” ती म्हणाली.

मग कुलपासमोरच्या सावलीत दोन तास शहाळी पीत गप्पा मारल्या. नंतर दादरला जायचं ठरलं. स्टेशनवर गर्दी पाहून मी शहाणपणा केला : पाकीट मारलं जाऊ नये म्हणून ते तिच्या पर्समध्ये ठेवायला दिलं. दोघांची तिकिटंही त्यातच. ती लेडीजमध्ये चढली, मी जेंट्समध्ये. संध्याकाळी सहाची फास्ट. दादरला ती उतरली. मी दारापर्यंत आलो, पण चढणाऱ्यांनी मला असा काही आत लोटला की पाय टेकले ते कुर्ल्याला.

तिथे टीसी.

“तिकीट?”

“आहे. पण तिच्याकडे आहे.”

“ती कोण?”

याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. दंड अडीचशे रुपये अधिक भाडं, आणि खिशात फक्त रुमाल. मी तिला फोन लावला. टीसीनं कनवाळूपणे विचारलं, “ओळख किती दिवसांची?” म्हटलं, “साडेतीन तासांची.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मग बसा निवांत. ती काय येत नाही.”

चाळीस मिनिटांनी ती आली. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात वडापाव. वडापाव टीसीला वाटला त्याच्यासाठी आहे. खरं तर मलाही वाटला नव्हता माझ्यासाठी.

घरी यातलं काहीच पोचलं नाही. आमच्या अधिकृत इतिहासात आम्ही त्या दिवशी पेंग्विन पाहिले. आई अजूनही नातेवाइकांना सांगते की मादी पेंग्विन केवढी, नर केवढा.

“अशा वेंधळ्याशी कोण लग्न करेल?” आईनं शेवटचा वडा उचलला. “तुम्ही बघा, शहाण्यासारखे पेंग्विन बघायला गेलात.”

“हो ना,” बायको म्हणाली. “फार गोड होते.”

तेवढ्यात बिल आलं. मी सवयीनं खिसा चाचपला. टेबलाखालून बायकोनं पर्स उघडली आणि माझं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.