सम की विषम, सही कुणाची?

कोडचं फंक्शन पानभरसुद्धा नव्हतं. एक आकडा घ्यायचा, तपासायचा, पुढे ढकलायचा. तरी क्लाउडनं ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं: आकार मर्यादेबाहेर. एडब्ल्यूएस लॅम्डात, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर छोटी फंक्शन्स चालवायच्या सेवेत, झिप उलगडल्यावर लेयर्स (जोडीला चढवलेला कोड) धरून २५० एमबी चालतात, आणि तसं स्वच्छ लिहिलेलंही आहे, त्यामुळे तिथे भांडायची सोय नाही. भांडायचं तर ज्यांच्याकडून हा कोड माझ्याकडे आला त्या टीमशी, आणि ती टीम आता उरलेलीच नाही.

मग टर्मिनल उघडलं. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडची, पॅकेजांची, वखार. ‘एनपीएम एलएस’ या कमांडला ‘ऑल’ जोडलं की मागवलेल्या पॅकेजांच्या पोटातली पॅकेजं, त्यांच्याही पोटातली, अशी सगळी वंशावळ स्क्रीनवर उतरते. हे काम एकांतात करावं. पण मॅनेजर सर म्हणाले, “स्क्रीन शेअर राहू दे, मीही शिकतो.”

“थांब, वर घे. हे इज-ईव्हन काय आहे?”

“संख्या सम आहे का ते सांगतं, सर.”

“आणि त्याच्याखाली इज-ऑड?”

“सम आहे का हे ठरवायला पहिलं याला विचारतं, विषम आहे का. हा नाही म्हणाला की सम.”

“आणि इज-नंबर?”

“इज-ऑड आधी त्याला विचारतं, मुळात ही संख्या आहे ना.”

मला वाटलं, आता हसतील. निदान कपाळाला हात लावतील. सर खुर्चीत पुढे सरकले. “अगं, हे तर मेकर-चेकर! एकानं करायचं, दुसऱ्यानं तपासायचं, वर तिसऱ्याची मंजुरी. गेल्या ऑडिटपासून मी हेच ओरडतोय ना?”

“सर, दोननं भागून बाकी बघितली की एका ओळीत...”

“एका ओळीत! आणि चुकलं तर जबाबदार कोण?”

धोका समजावा म्हणून मी लेफ्ट-पॅडची गोष्ट सांगितली. अक्षरांच्या डावीकडे जागा भरणारं ११ ओळींचं पॅकेज. मार्च २०१६ मध्ये लेखकानं ते एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातल्या बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बांधायची कामं, आडव्या झाल्या.

सर गंभीर झाले. “नोटीस पीरियड किती होता त्याचा?”

“नोकरीवर नव्हता, सर. फुकट लिहिलं होतं.”

“तेच तर! असल्या माणसाला रिटेन कसं करणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नाही. फुकट लिहिणाऱ्यांच्या खांद्यावर पगारी लोकांचे प्रोजेक्ट उभे आहेत, आणि त्यांची आठवण बिल्ड पडल्यावरच येते. पण हे सरांना सांगितलं असतं तर त्यांनी त्यावरही मीटिंग लावली असती.

वजन मात्र भलतीकडेच होतं. सम-विषमवाली मंडळी किरकोळ, काही केबींची. आकार मोजणारी ‘डीयू’ कमांड लावून फोल्डर मोजले तेव्हा आत आख्खा ब्राउझर सापडला. कधीकाळी पीडीएफ काढायला कुणीतरी आणलेला. पीडीएफ बंद झाली, ब्राउझर राहिला.

“काढून टाकते,” मी म्हणाले.

“कुणाच्या अप्रूव्हलनं?”

मी काही बोलले नाही. झिपऐवजी कंटेनर इमेज, म्हणजे सगळ्या सामानासकट बांधलेला गठ्ठा, पाठवला तर लॅम्डात १० जीबीपर्यंत मुभा असते, तिथे असे दहा-वीस ब्राउझर सुखानं नांदले असते आणि कुणी टर्मिनल उघडलंच नसतं. आमच्याकडे नियमच असा, की ज्यानं घाण बघितली ती त्याची. न बघणारे सगळे वेळेवर घरी जातात.

शेवटी सरांनी एक्सेल मागितली. रकाने: पॅकेज, व्हर्जन, कुणी आणलं, ओनर, ओनर रजेवर असल्यास कोण. पहिले तीन एनपीएमनं दिलेल्या यादीतून भरता आले. ओनर मी रिकामा ठेवला, कारण खरं उत्तर तेच होतं.

सकाळी शीट उघडली. सरांनी पहिल्या ओळीत माझं नाव टाकून थेट तळापर्यंत ओढलं होतं. रजेच्या रकान्यातही.