खुलासा : एकच टेबल दोनदा जोडलं म्हणून ओळी दुप्पट होत नाहीत

‘एकाच क्वेरीत तेच टेबल दोनदा जॉईन करू नका, ओळी दुप्पट येतात,’ असा सल्ला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) शिकणाऱ्यांमध्ये फिरतोय. जॉईन म्हणजे जुळणाऱ्या ओळींवरून दोन टेबलं जोडणं. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलं नको ते उपाय करत बसतात याचं वाईट वाटतं.

रेल्वेचं उदाहरण घ्या. ‘गाड्या’ टेबलात १२१२४ डेक्कन क्वीनची एक ओळ आहे. तिच्यात दोन कोड आहेत, सुटण्याचं स्थानक पुणे आणि शेवटचं सीएसएमटी. पूर्ण नावं मात्र ‘स्थानके’ टेबलात. मग ‘स्थानके’ दोनदा जोडायचं, एकदा ‘उगम’ या टोपणनावाने, एकदा ‘अंतिम’ या टोपणनावाने. कोड ही ‘स्थानके’ची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळीच असणारी ओळख, असल्याने प्रत्येक जोडणीत एकच ओळ जुळते. डेक्कन क्वीन एकदाच दिसते, दोन्ही नावांसकट. टोपणनावं विसरलात तर मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअरं एरर देतात.

दुप्पट ओळी येतात त्या एकाच जॉईनमध्ये दोन्ही अटी (स्थानकाचा कोड सुटण्याच्या कोडशी जुळावा, शेवटच्या कोडशी जुळावा) ‘ऑर’ने जोडल्यावर. ‘अँड’ लावलात तर गाडीच गायब, कारण एकच स्थानक एकाच वेळी पुणे आणि सीएसएमटी असू शकत नाही. जुळणीचा कॉलम युनिक नसला तरी ओळी वाढतात, पण मग टेबल एकदाच जोडलेलं असलं तरी वाढतातच.

ओळी कमीही होतात, ते जास्त घातक. ओरॅकल डेटाबेससोबत सरावासाठी मिळणाऱ्या ‘एचआर’ या नमुना टेबलांच्या संचात (स्कीमात) १०७ कर्मचारी आहेत. कर्मचारी टेबल स्वतःलाच इनर जॉईन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) करून मॅनेजर शोधा, १०६ उरतात. सर्वात वरच्या अधिकाऱ्याला मॅनेजरच नाही. तिथे लेफ्ट जॉईन लागतो, तो पहिल्या टेबलातल्या न जुळलेल्या ओळीही ठेवतो.