१४० चा टायर आणि अडीच इंची रिम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, जुन्या पल्सर १५० ला मूळच्या १००/९०-१७ च्या जागी तुम्ही दोन वर्षांपूर्वी १४०/७०-१७ बसवलात, पकड वाढली, त्रास काही नाही. (१००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच.) आणि मी ‘मागच्या टायरचं माप मनाला येईल तसं वाढवू नका’ असं लिहून लोकांना उगाच घाबरवतोय.

आधी माझी चूक कबूल करतो. मागचा टायर बदलला की स्पीडोमीटर चुकतो, असं मी सरसकट लिहिलं होतं. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालतो, त्याला मागच्या टायरने काही फरक पडत नाही. ती ओळ दुरुस्त केली आहे.

बाकी मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे, आणि त्याचं कारण रिम. १००/९० ला अडीच इंच रुंदीची रिम प्रमाण धरतात. १४०/७० ला चार इंची लागते, अगदी ओढूनताणून साडेतीन. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि माथा कमानीसारखा वर येतो. मग गाडी सरळ चालताना रस्त्याला टेकते ती फक्त मधली पट्टी. मागून टायर भरदार दिसतो, पण त्या रुंदीतलं रस्त्याच्या कामी फार थोडं येतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्याही १५० ला मी १३०/७० घातला होता. दुकानदार म्हणाला, ‘आरामात बसतो.’ बसला खरा, पण चेनकव्हरला घासायला लागला, म्हणून कव्हर वाकवून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात आंबोली घाट उतरताना कळलं की गाडी वळणात जराशी कलली की मला हवी त्यापेक्षा जास्तच कलते, तीही एकदम. मागे बायको बसली होती. त्या उतारावर पोटात आलेला गोळा मी विसरलेलो नाही. परत आल्यावर पहिलं काम केलं ते टायर उतरवण्याचं.

मग तुम्हाला पकड वाढल्यासारखी का वाटली? मला वाटतं, तुम्ही नव्या रुंद टायरची तुलना जुन्या, झिजलेल्या टायरशी केलीत. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या बाजूवर असतात; २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर सटकतं. त्या जागी नवा १००/९० घातला असतात तरी जमीन-अस्मानाचा फरक जाणवला असता.

‘कंपनी पैसे आणि मायलेज वाचवायला बारीक टायर देते’ हेही तुम्ही लिहिलंय. थोडं खरं आहे, बारीक टायर हलका असतो आणि कमी ओढतो. पण २०१८ मध्ये याच पल्सर १५० चं दोन डिस्क ब्रेकवालं मॉडेल आलं तेव्हा मागे १२०/८०-१७ दिला आणि त्यासोबत चिमटाही (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) बदलून लांब केला. एवढं करूनही ते १२० वरच थांबले.

शिवाय १४०/७० ने चाकाचा व्यास साधारण ६१२ वरून ६२८ मिलिमीटर होतो. म्हणजे गिअरिंग अडीच टक्क्यांनी लांबतं, इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर जाते आणि ओढ कमी पडते. चढावर डबलसीट असताना पूर्वीपेक्षा लवकर गिअर उतरवावा लागतो.

रुंद हवाच असेल तर ११०/८०-१७ बघा. अडीच इंची रिम त्याला योग्य, आणि व्यास मूळच्यापेक्षा जेमतेम चार मिलिमीटरने कमी. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. मूळचा ५५ असेल तर त्याचा अर्थ २१८ किलो.

एक विनंती. अलॉयच्या आरीवर रिमची रुंदी कोरलेली असते, ती पाहा. मग टायरच्या दोन्ही कडांना न घासलेली, नवी दिसणारी पट्टी किती रुंद आहे ते मोजा. दोन्ही आकडे इथेच लिहा, मी वाट पाहतोय.