‘एका ओळीत होतं’? मग ती ओळ चालवून बघा

‘डिस्क वाढवली, पण सर्व्हरला दिसेना’ या माझ्या लेखावर (लिनक्स सर्व्हरची डिस्क वाढवल्यावर तिचा भाग, म्हणजे पार्टिशन, कसं वाढवायचं यावर तो होता) देवगडच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. ती जशीच्या तशी देतो (त्यातलं ग्रोपार्ट म्हणजे पार्टिशन वाढवणारी कमांड, एलव्हीएम म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे वाटायची सोय): “ग्रोपार्टने हे एका ओळीत होतं. पार्टिशन उडवून परत बनवायला सांगणं म्हणजे लोकांचा डेटा घालवायचे धंदे. लेख २०१० सालचा वाटतो. बॅकअपचा उल्लेख नाही, एलव्हीएमचा पत्ता नाही. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा.”

साहेब, चूक दाखवलीत तर राग नाही. पण ‘धंदे’ आणि ‘अभ्यास करावा’ ही कुठली भाषा? पंधरा वर्षं मी लोकांचे सर्व्हर सांभाळतोय. समोरासमोर असतात तर चहा पीत हेच तुम्ही वेगळ्या शब्दांत बोलला असतात.

आधी माझी चूक. ग्रोपार्टच्या उदाहरणात मी ‘/डेव्ह/एसडीए१’ (एसडीए या डिस्कचं १ नंबरचं पार्टिशन) असं जोडून लिहिलं होतं. ग्रोपार्टला डिस्क आणि पार्टिशनचा आकडा वेगवेगळे लागतात: ‘/डेव्ह/एसडीए’, मग मोकळी जागा, मग ‘१’. त्यानंतरच्या रिसाइज-टू-एफएसला (पार्टिशनच्या आतली फाइलसिस्टिम वाढवणारी कमांड) मात्र जोडूनच द्यायचं. लेखात दुरुस्ती केली आहे. म्हणजे तुमची ती ‘एक ओळ’ लेखात होती, तिसऱ्या परिच्छेदात. वाचायची राहिली असावी.

आता त्या एका ओळीबद्दल. ग्रोपार्ट पार्टिशनचा शेवट पुढे सरकवतं, आणि तोही त्याला लागून मोकळी जागा असेल तरच. तुमच्या आगराला लागून पडीक जमीन असेल तर गडगा पुढे नेता येतो. मध्ये दुसऱ्याचं घर असेल तर त्याच्या पलीकडची दहा गुंठे तुमच्या नावावर असून काय उपयोग?

इन्स्टॉलरने नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या जुन्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर नेमकं हेच घर मध्ये असतं. एसडीए१ वर रूट (मुख्य फाइलसिस्टिम), त्याला चिकटून एसडीए२ हे एक्स्टेंडेड पार्टिशन, आणि त्याच्या पोटात एसडीए५ वर साधारण १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा). पॅनलमधून डिस्क २० ची ४० जीबी केली की नवे २० जीबी स्वॅपच्या पलीकडे जाऊन पडतात. ग्रोपार्ट चालवा, ‘नोचेंज’ म्हणून हात वर करेल. होमस्टेच्या बुकिंगसाठी, आंब्याच्या ऑर्डरींसाठी कोणीतरी कधीतरी स्वस्तात घेऊन दिलेले सर्व्हर बरेचदा असलेच निघतात. लेख त्यांच्यासाठी होता. हल्लीच्या क्लाउड इमेजमध्ये (सर्व्हरच्या तयार प्रतीत) रूट सगळ्यात शेवटी असतो (१४ आणि १५ आकड्यांची पार्टिशनं दिसतात, पण डिस्कवर ती रूटच्या आधी असतात), आणि तिथे तुमची एक ओळसुद्धा लागत नाही. क्लाउड-इनिट हा त्यातलाच प्रोग्राम बूट होतानाच वाढवून मोकळं होतं.

मध्ये स्वॅप असेल तर तो हलवावाच लागतो. आधी ‘फ्री -एच’ने रॅम आणि स्वॅप किती वापरात आहे ते बघा. स्वॅपमध्ये आहे तेवढं रॅममध्ये मावणार नसेल तर डेटाबेस थांबवा. मग ‘स्वॅपऑफ -ए’, एफएसटॅबमधली (बूट होताना काय काय जोडायचं त्याची यादी) स्वॅपची ओळ बंद, पार्टिशनचा तक्ता बदलणाऱ्या एफडिस्कमध्ये २ नंबर डिलीट (५ त्याच्याबरोबरच जातो) आणि ‘डब्ल्यू’ने बदल कायम. त्यानंतर ग्रोपार्ट, मग रिसाइज-टू-एफएस. शेवटी १ जीबीची स्वॅपफाइल: परवानगी ६००, एमकेस्वॅप, स्वॅपऑन, एफएसटॅबमध्ये नवी ओळ. एफएसटॅबमधली जुनी ओळ तशीच राहिली तर पुढच्या बूटला सर्व्हर दीड मिनिट त्या नसलेल्या पार्टिशनची वाट बघत बसतो. इनिट्रॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टिम) ‘रिझ्यूम’ फाइलमध्येही जुन्या स्वॅपची यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, असते. तिथे ‘नन’ लिहून ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ चालवा.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून हे सगळं टीमक्समध्येच, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

राहिला डेटा घालवायचा आरोप. एफडिस्क तक्त्यातली नोंद पुसतं, घर पाडत नाही. एमबीआरमध्ये (पार्टिशनच्या तक्त्याचा जुना प्रकार) ही नोंद अवघी १६ बाइटची असते. नवं पार्टिशन त्याच सेक्टरपासून सुरू झालं, बहुधा २०४८, तर आतली फाइलसिस्टिम जागची हलत नाही. घात होतो तो सुरुवात चुकली तर, किंवा ‘सिग्नेचर (फाइलसिस्टिमची खूण) काढू का?’ या प्रश्नाला ‘वाय’ दाबलं तर. तिथे ‘एन’. एमबीआर असेल तर ‘ए’ने बूटेबल खूणही परत लावायची. हे तिन्ही मुद्दे लेखात ठळक अक्षरांत आहेत. जीपीटीवर (तक्त्याचा नवा प्रकार) उडवून बनवलं तर पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळखक्रमांक, बदलते आणि बूटलोडर तीच शोधत असेल तर सर्व्हर उठत नाही. तिथे ग्रोपार्टच बरं, हे मान्य.

आणि ज्यावर तुमचा एवढा जीव आहे ते ग्रोपार्ट डिस्क १०० टक्के भरली असेल तर सुरूच होत नाही, कारण त्याला /टीएमपीमध्ये फोल्डर बनवायचं असतं. लोकांना डिस्क वाढवायची आठवण नेमकी तेव्हाच होते! /टीएमपीवर १० एमबीचा टीएमपीएफएस (रॅममधली तात्पुरती फाइलसिस्टिम) माउंट करा, मग चालतं. हे तुमच्या एका ओळीत कुठे बसतं ते कळवा.

बॅकअप लेखाच्या पहिल्या वाक्यात आहे. एलव्हीएम हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन. २०१० बद्दल काय बोलणार?

पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी तुमच्या सर्व्हरवर ‘एलएसबीएलके’ (डिस्क आणि पार्टिशनांची यादी दाखवणारी कमांड) चालवा आणि जे दिसेल ते इथे चिकटवा. रूटनंतर स्वॅप दिसला तर ती एक ओळ चालवून काय उत्तर आलं तेही टाका.