नायजेरिया म्हणजे तीन जमाती नव्हेत

नायजेरियाबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर सारखा फिरतो: तिथं तीनच जमाती, उत्तरेत हौसा मुसलमान, दक्षिणेत योरुबा आणि इग्बो ख्रिस्ती, त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर, आणि मत पडतं ते जमातीलाच. वीस कोटींहून जास्त माणसांचा देश असा दोन ओळींत उरकला जातो, याची मला चीड येते.

तीनच जमाती? अडीचशेहून अधिक समाज आहेत तिथं. तिव, इजॉ, कानुरी, नुपे, इबिबिओ यांना मोजायचंच नाही का? तेलामुळे नासलेल्या जमिनीसाठी आवाज उठवणारे केन सारो-विवा ओगोनी होते. 1995 मध्ये लष्करी राजवटीनं त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिलं. ‘तीनच’ म्हटलं की ओगोनी हिशेबातूनच जातात.

धर्माची वाटणीही खोटी. 1967 ते 1970 च्या यादवीत केंद्र सरकारचं नेतृत्व करणारे याकुबू गोवोन उत्तरेचे, पण ख्रिस्ती, आणि एका छोट्या समाजातले. योरुबांमध्ये तर एक भाऊ मशिदीत आणि दुसरा चर्चमध्ये, हे नेहमीचंच. बकरी ईदेचं मटण ख्रिस्ती भावाकडे जातं, नाताळचा जोलोफ भात मुसलमान भावाकडे येतो. राष्ट्राध्यक्ष टिनुबू मुसलमान आहेत, त्यांच्या पत्नी ख्रिस्ती पास्टर.

हाडवैराचं म्हणाल, तर 1877 पासून सोळा वर्षं इबादान आणि एकिती लढले. दोन्हीकडे योरुबाच! 1804 मध्ये मुसलमान धर्मगुरू उस्मान दान फोदिओंनी बंड केलं तेही मुसलमान हौसा राजांविरुद्ध. 1966 मध्ये उत्तरेत हजारो इग्बोंची कत्तल झाली, ते कुणी झाकू नये. पण ती भडकली त्याच वर्षीच्या लष्करी उठावांतून आणि सत्तेच्या झगड्यातून. तिला पुरातन वैर म्हटलं की त्या वेळचे जबाबदार लोक सुटतात.

आणि मत? 12 जून 1993 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत योरुबा मुसलमान मोशूद अबिओला उभे होते. त्यांचे प्रतिस्पर्धी बशीर तोफा उत्तरेतल्या हौसाबहुल कानो राज्याचे, आणि कानोनंच कौल दिला अबिओलांना. त्यांचा उपाध्यक्षपदाचा उमेदवारही मुसलमान, तरी ख्रिस्तीबहुल बेन्वे आणि प्लॅटो ही राज्यं अबिओलांच्याच बाजूनं गेली. इग्बोंच्या सगळ्या राज्यांनी साथ दिली नाही, पण अनांब्रानं दिली. ती निवडणूक रद्द केली जनरल बाबांगिदांच्या लष्करी सरकारनं.