मुंबई–न्यूयॉर्क: विमानाला पृथ्वी ढकलत नाही

‘मुंबईहून न्यूयॉर्कला जायला सोळा तास, यायला साडेचौदा. कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि येणाऱ्या विमानाला ढकलते. शिवाय भाडं वाढवायला विमान सरळ न नेता उत्तरेकडून वळसा घालून नेतात.’ हा फॉरवर्ड या महिन्यात मला तिसऱ्यांदा आलाय. तासांचे आकडे साधारण बरोबर आहेत. बाकी सगळा गोंधळ.

आधी ढकलण्याचं बघू. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. विमान या फिरण्यापासून सुटं असतं, तर न्यूयॉर्कहून पूर्वेकडे निघालेल्या विमानापुढे मुंबई पळत सुटली असती आणि ताशी 900 च्या वेगाने ती कधीच गाठता आली नसती. म्हणजे फॉरवर्डचं गणित फॉरवर्डच्याच विरोधात जातं! मुळात जमिनीबरोबर हवाही फिरते. विरार लोकलमध्ये उडी मारली (तेवढी जागा मिळाली तर) तरी तुम्ही त्याच जागी उतरता, मागच्या डब्यात नाही.

मग येताना वेळ वाचतो कशाने? वाऱ्याने. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा 900 चा वेग हा हवेच्या तुलनेत असतो. पाठीशी 150 चा वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग 1,050 भरतो, समोरून असेल तर 750. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं होतं. एरवी याच प्रवासाला सहा-सात तास लागतात. आता गंमत अशी, की हे वारे पूर्वेकडे वळतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. फॉरवर्डवाला सत्याच्या दारावरून गेला, पण आत शिरला नाही.

वळशाचं उत्तर घरातल्या पृथ्वीगोलावर मिळेल. मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. तो रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलँडच्या आसपास, जवळपास 65 अंश उत्तरेपर्यंत चढतो. ही वाट सुमारे 12,500 किलोमीटरची. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली ‘सरळ’ रेघ प्रत्यक्षात 14,200 च्या घरात जाते. आणि जादा इंधनाचा खर्च कंपनीच्या खिशातून जातो, तुमचं तिकीट आधीच काढलेलं असतं. खरा वळसा पडतो तो हवाई हद्द बंद झाली की. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणं लांबली, आणि कंपन्यांना ते महागात पडलं.

खाली एका काकांनी भर घातली होती: ‘रात्री दीडला निघून त्याच सकाळी सातला न्यूयॉर्क! साडेपाच तासच लागतात.’ काका, हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. तेवढे मिळवा, सोळाच होतात.